डिसार्थ्रिया

डिसार्थ्रिया हा बोलण्यासाठी लागणाऱ्या स्नायूंवरील चेतासंस्थेचे नियंत्रण बिघडल्यामुळे उद्भवणारा वाक्-विकार आहे. मेंदू, मस्तिष्कस्तंभ, चेता किंवा चेता व स्नायू यांना जोडणारा सांधा यांपैकी कोठेही इजा झाल्यास ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वसनाचे स्नायू दुबळे, ताठर किंवा मंद होतात, अथवा त्यांच्या हालचालींतील मेळ नाहीसा होतो. परिणामी उच्चार अस्पष्ट होतात, आवाज बदलतो आणि बोलण्याची लय बिघडते. डिसार्थ्रिया हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांमध्ये व इजांमध्ये आढळणारे लक्षण आहे.

या विकारात भाषा शाबूत असते. शब्द निवडणे, वाक्य रचणे, दुसऱ्याचे बोलणे समजणे आणि लिहिणे या क्षमता केवळ डिसार्थ्रियामुळे बाधित होत नाहीत. मनात सिद्ध झालेले वाक्य उच्चारात उतरवणारी यंत्रणा तेवढी निकामी होते. ऐकणाऱ्यास मात्र हा भेद सहज कळत नाही. त्यामुळे अशा व्यक्तीस मंदबुद्धी, भ्रमिष्ट किंवा नशेत असलेली समजण्याची चूक वारंवार होते.

नाव

‘डिसार्थ्रिया’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे. त्यातील पहिल्या भागाचा अर्थ ‘सदोष’ असा असून दुसरा भाग ‘सांधा’ या अर्थाच्या शब्दाशी संबंधित आहे. ध्वनी सांध्यासांध्याने सुटे व स्पष्ट उच्चारण्याची क्रिया सदोष होणे, असा त्याचा आशय आहे. बोलीभाषेत या लक्षणाचे वर्णन ‘जीभ जड होणे’, ‘जीभ लोळणे’, ‘बोलणे बोबडे होणे’ किंवा ‘गेंगाणे बोलणे’ अशा शब्दांत केले जाते.

बोलण्यामागील चेता-स्नायू यंत्रणा

बोलणे ही मानवी शरीरातील सर्वांत वेगवान व सूक्ष्म स्नायुक्रियांपैकी एक आहे. सामान्य संभाषणात दर सेकंदाला सुमारे चार ते सहा अक्षरे उच्चारली जातात आणि प्रत्येक अक्षरासाठी छाती, स्वरयंत्र, टाळू, जीभ, जबडा व ओठ यांच्या हालचाली काटेकोर क्रमाने व्हाव्या लागतात.

या हालचालींचा आदेश दोन टप्प्यांत पोहोचतो. पहिल्या टप्प्यातील चेतापेशी प्रमस्तिष्काच्या बाह्यकात असतात. त्यांना ऊर्ध्व प्रेरक चेतापेशी म्हणतात. त्यांचे तंतू मस्तिष्कस्तंभात किंवा मेरुरज्जूत उतरतात. तेथून दुसऱ्या टप्प्यातील, म्हणजे अधर प्रेरक चेतापेशी सुरू होतात. त्यांचे तंतू मस्तिष्क चेता किंवा मेरू चेता बनून थेट स्नायूपर्यंत जातात. अनुमस्तिष्क आणि मेंदूच्या खोल भागातील तलगंडिका स्नायूंना थेट आदेश देत नाहीत. हालचालीचा वेग, जोर व मेळ राखण्याचे काम त्या करतात.

एक अधर प्रेरक चेतापेशी आणि तिच्या शाखा ज्या स्नायुतंतूंना पोहोचतात ते सर्व तंतू मिळून एक ‘प्रेरक एकक’ होते. पायाच्या पोटरीतील एका एककात हजाराहून अधिक स्नायुतंतू असू शकतात. स्वरयंत्रासारख्या सूक्ष्म हालचाली करणाऱ्या स्नायूंत मात्र ही संख्या पुष्कळ कमी असते. चेतेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते, ते स्नायूच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो.

चेतेच्या इजेमुळे स्नायू दुबळा कसा होतो

स्नायू निरोगी असला तरी आदेश न मिळाल्यास तो आकुंचन पावत नाही. आदेश कोठे व कसा अडतो यावर दुर्बलतेचे स्वरूप आणि बरे होण्याची शक्यता अवलंबून असते.

आवरणाची हानी : चेतातंतूभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. त्यामुळे आवेग वेगाने पुढे जातो. हे आवरण झिजल्यास आवेग मंदावतो किंवा वाटेतच थांबतो. अक्षतंतू शाबूत असल्याने स्नायू फारसा रोडावत नाही आणि आवरण पुन्हा तयार झाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शक्ती परत येऊ शकते.

अक्षतंतूची हानी : तंतू तुटल्यास तुटलेल्या जागेपलीकडचा भाग काही दिवसांत विघटित होतो. चेतेशी संबंध तुटलेला स्नायू शिथिल पडतो आणि पुढील आठवड्यांत रोडावत जातो. तंतू पुन्हा वाढू शकतो, पण त्याचा वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर इतकाच असतो. म्हणजे १५ सेंटिमीटर अंतर कापण्यास साधारण पाच महिने लागतात. दीर्घकाळ चेतेविना राहिलेल्या स्नायूत तंतुमय ऊतक वाढते आणि मग उशिरा पोहोचलेल्या तंतूचा उपयोग होत नाही.

चेतापेशीचा नाश : चेतापेशी स्वतःच मेल्यास तिची जागा नवी पेशी घेत नाही. शेजारच्या जिवंत पेशींचे तंतू नव्या शाखा फोडून अनाथ झालेले स्नायुतंतू सांभाळतात. या भरपाईमुळे बऱ्याच पेशी नष्ट होईपर्यंत दुर्बलता लक्षात येत नाही आणि ती दिसू लागते तेव्हा रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो.

चेता-स्नायू सांध्यातील अडथळा : येथे चेता व स्नायू दोन्ही शाबूत असू शकतात; रासायनिक निरोप तेवढा पोहोचत नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकारात शरीराचीच प्रतिपिंडे ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींवर हल्ला करतात. अशा रुग्णाचा आवाज बोलायला सुरुवात करताना ठीक असतो, बोलता बोलता गेंगाणा व अस्पष्ट होत जातो आणि विश्रांतीनंतर पुन्हा सुधारतो.

ऊर्ध्व प्रेरक चेतापेशींची हानी : या प्रकारात स्नायू दुबळा होतो, पण शिथिल राहत नाही. मेंदूकडून येणारे नियमन सुटल्याने त्याचा ताण वाढतो आणि प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होतात. शक्ती व वेग दोन्ही घटतात, मात्र स्नायू फारसा रोडावत नाही.

कोणत्या चेतेच्या इजेने कोणते उच्चार बिघडतात

मराठी वर्णमालेतील स्पर्श व्यंजने उच्चारस्थानानुसार मांडलेली आहेत : कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य. त्यामुळे विशिष्ट चेतेच्या इजेचा परिणाम वर्णमालेच्या आधारे स्पष्ट करता येतो.

सातवी मस्तिष्क चेता चेहऱ्याच्या व ओठांच्या स्नायूंना जाते. ती दुबळी झाल्यास ओठ घट्ट मिटत नाहीत आणि प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण पुसट होतात. गालात हवा साठवता येत नाही व तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळू शकते.

बारावी चेता जिभेच्या जवळजवळ सर्व स्नायूंना जाते. तिच्या इजेने सर्वाधिक वर्ण बाधित होतात. जिभेचे टोक दातांना किंवा हिरडीला नीट न टेकल्यास त, द, न, ल. ते मागे वळवता न आल्यास ट, ड, ण, ळ. आणि जिभेची मागील बाजू न उचलल्यास क, ग हे वर्ण अस्पष्ट होतात. ‘चार’ आणि ‘चमचा’ या शब्दांतील च-च मधील फरक, किंवा स, श, ज यांसारखे घर्षणयुक्त ध्वनी जिभेच्या अचूक स्थितीवर अवलंबून असल्याने लवकर बिघडू शकतात. एकाच बाजूची बारावी चेता निकामी झाल्यास बाहेर काढलेली जीभ दुबळ्या बाजूकडे वळते.

दहावी चेता, म्हणजे व्हेगस, मृदू टाळू आणि स्वरयंत्र या दोहोंना शाखा देते. मृदू टाळू वर उचलला गेला नाही तर तोंडातील हवा नाकातून निसटते आणि आवाज गेंगाणा होतो. अशा वेळी ब हा म सारखा, द हा न सारखा आणि ड हा ण सारखा ऐकू येतो. पाणी पिताना ते नाकातून परत येऊ शकते. स्वरयंत्राकडे जाणारी शाखा इजा पावल्यास स्वरतंतू पूर्ण जुळत नाहीत. आवाज घोगरा व हवा मिसळलेला येतो, मोठ्याने हाक मारता येत नाही आणि खोकलाही दुबळा होतो. या शाखेचा मार्ग वैशिष्ट्यपूर्ण आहे. डावीकडील शाखा छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि परत गळ्यात चढते. म्हणून अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेप्रमाणेच छातीतील गाठीमुळेही आवाज बसू शकतो.

पाचवी चेता जबडा हलवते. दोन्ही बाजूंची पाचवी चेता निकामी झाल्यास जबडा लोंबतो आणि त्यासोबत जीभ व ओठ यांचीही पोच कमी होते. श्वासपटल व बरगड्यांमधील स्नायू यांना मेरू चेता जातात. ते दुबळे झाल्यास वाक्य लहान लहान तुकड्यांत तुटते, आवाज क्षीण होतो आणि ख, घ, भ यांसारख्या महाप्राण वर्णांना लागणारा श्वासाचा जोर कमी पडू शकतो.

प्रकार

डिसार्थ्रियाचे वर्गीकरण इजेच्या स्थानानुसार करतात.

शिथिल : अधर प्रेरक चेतापेशी, चेता किंवा चेता-स्नायू सांधा यांच्या विकारात आढळतो. गेंगाणा व हवा मिसळलेला आवाज, दुबळी व्यंजने आणि छोटी वाक्ये ही त्याची लक्षणे होत. जीभ रोडावते व तिच्यावर बारीक स्फुरणे दिसू शकतात.

ताठर : दोन्ही बाजूंच्या ऊर्ध्व प्रेरक चेतापेशींना इजा झाल्यास होतो. बोलणे संथ व कष्टाचे होते आणि आवाज गळा आवळल्यासारखा येतो. काही रुग्णांना कारणाशिवाय किंवा प्रमाणाबाहेर हसू अथवा रडू येते.

एकतर्फी ऊर्ध्व प्रेरक : पक्षाघातानंतर पुष्कळदा आढळतो. बोलण्याच्या बहुतेक स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आदेश येत असल्याने हा प्रकार बहुधा सौम्य असतो. चेहऱ्याचा खालचा भाग याला अपवाद आहे. त्याला मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच आदेश मिळतात.

असंतुलित : अनुमस्तिष्काच्या विकारात होतो. शक्ती असूनही मेळ नसतो. उच्चार अनियमितपणे बिघडतात आणि प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर पडतो. ऐकणाऱ्यास ते मद्यधुंद माणसाच्या बोलण्यासारखे वाटते, कारण मद्याचा परिणाम अनुमस्तिष्कावरही होतो.

अल्पगतिक : पार्किन्सन रोगात आढळतो. आवाज हळू व एकसुरी होतो आणि मधूनच शब्द घाईने एकमेकांवर आदळतात. आपण हळू बोलत आहोत हे रुग्णास पुष्कळदा जाणवत नाही.

अतिगतिक : हंटिंग्टन रोगासारख्या विकारांत अनैच्छिक हालचालींमुळे बोलणे अवचित तुटते किंवा आवाज अचानक बदलतो.

मिश्र : एकाहून अधिक स्थाने बाधित झाल्यास होतो. ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस या रोगात ऊर्ध्व व अधर अशा दोन्ही चेतापेशी नष्ट होत असल्याने शिथिल व ताठर लक्षणे एकत्र दिसतात.

कारणे

प्रौढांमध्ये पक्षाघात, डोक्याला झालेली इजा, पार्किन्सन रोग, मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतील गाठी आणि प्रेरक चेतापेशींचे रोग ही प्रमुख कारणे आहेत. मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी हे महत्त्वाचे कारण आहे. गियाँ-बारे संलक्षणात प्रतिकारसंस्था चेतांवर हल्ला करते. दुर्बलता बहुधा पायांपासून सुरू होते व वर चढत चेहरा, घसा आणि श्वसन यांच्यापर्यंत पोहोचू शकते.

काही संसर्गही या विकारास कारणीभूत होतात. घटसर्पाच्या विषामुळे संसर्गानंतर काही आठवड्यांत टाळूचे स्नायू लुळे पडून बोलणे गेंगाणे होऊ शकते. पोलिओचा विषाणू मस्तिष्कस्तंभातील प्रेरक चेतापेशींपर्यंत गेल्यास बोलणे, गिळणे व श्वसन धोक्यात येते. भारतातील वन्य पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

भारतात सर्पदंश हेही एक कारण आहे. महाराष्ट्रात आढळणाऱ्या नाग व मण्यार या सापांचे विष चेता-स्नायू सांध्यावर परिणाम करते. मण्यारच्या विषातील घटक चेतेच्या टोकालाच इजा करतात, तर नागाचे विष मुख्यतः स्नायूवरील ग्राही अडवते. मण्यारचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो आणि जखमेवर वेदना किंवा सूज फारशी नसते. पापण्या जड होणे, बोलणे अस्पष्ट होणे व गिळता न येणे ही लक्षणे श्वसनाचे स्नायू लुळे पडण्याआधी दिसू शकतात. चेतेची टोके एकदा नष्ट झाली की ती पुन्हा तयार होईपर्यंत प्रतिविषाने शक्ती परत येत नाही. त्या काळात कृत्रिम श्वसनाची गरज भासू शकते.

समान भासणाऱ्या विकारांपासून भेद

वाचाघात किंवा अफेजिया या विकारात भाषेचेच नुकसान होते. योग्य शब्द सापडत नाही, व्याकरण तुटते किंवा ऐकलेले समजत नाही. लेखनातही तसेच दोष दिसतात. डिसार्थ्रियात रुग्णाने लिहिलेले वाक्य निर्दोष असू शकते.

वाक्-अप्रॅक्सिया हा आणखी एक वाक्-चालक विकार आहे. त्यात स्नायू दुबळे नसतात, पण हालचालींची आखणी बिघडते. रुग्ण योग्य उच्चारासाठी चाचपडतो आणि एकच शब्द दर वेळी वेगळ्या प्रकारे चुकू शकतो. शिथिल किंवा ताठर डिसार्थ्रियातील चुका तुलनेने सारख्या राहतात. पक्षाघातानंतर हे तिन्ही विकार एकाच व्यक्तीत आढळू शकतात. तसेच मूळ रोगामुळे स्मरण किंवा आकलन बाधित झाले असल्यास त्याची स्वतंत्र तपासणी करावी लागते.

निदान

वाक्-उपचारतज्ज्ञ रुग्णाचे संभाषण व वाचन ऐकतो आणि श्वास, आवाज, नासिक्यता, उच्चार व लय यांची स्वतंत्र नोंद करतो. ‘आ’ हा स्वर एका श्वासात किती वेळ टिकतो यावरून श्वास व स्वरयंत्र यांची क्षमता कळते. ‘प-प-प’, ‘त-त-त’ आणि ‘क-क-क’ अशी अक्षरे शक्य तितक्या वेगाने म्हणण्यास सांगून अनुक्रमे ओठ, जिभेचे टोक आणि जिभेची मागील बाजू यांचा वेग व नियमितपणा तपासतात. बोलण्याचे व गिळण्याचे स्नायू पुष्कळसे समान असल्याने गिळण्याचीही तपासणी केली जाते.

चेहऱ्याची दुर्बलता कोणत्या टप्प्यातील इजेमुळे आहे हे कपाळावरून ओळखता येते. सातवी चेता स्वतः इजा पावली असल्यास त्या बाजूला कपाळावर आठी पाडता येत नाही. मेंदूतील इजेत कपाळाची हालचाल बहुधा टिकून राहते. चेतावहन चाचणी व स्नायू-विद्युत आलेख यांवरून आवरण, अक्षतंतू व सांधा यांपैकी कोणता भाग बिघडला आहे ते समजते.

अचानक बोलणे अस्पष्ट होणे, तोंड वाकडे होणे किंवा एका हातातील शक्ती जाणे हे पक्षाघाताचे लक्षण असू शकते. रक्ताच्या गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून जीभ जड झाल्याचे अंगावर काढणे किंवा तोंड वाकडे झाल्यावर घरगुती उपायांत वेळ घालवणे घातक ठरते.

उपचार व पुनर्वसन

मूळ रोगावर उपचार शक्य असल्यास तो प्रथम केला जातो. मायस्थेनियात औषधांनी आवाज लक्षणीय सुधारू शकतो. पार्किन्सन रोगातील औषधांचा हातापायांच्या हालचालींना जितका लाभ होतो तितका बोलण्यास बहुधा होत नाही.

वाक्-उपचारात स्नायूंची शक्ती वाढवण्यापेक्षा बोलणे समजण्याजोगे करण्यावर भर असतो. वेग कमी करणे, वाक्य श्वासानुसार तोडणे, व्यंजनांवर जाणीवपूर्वक जोर देणे आणि बसण्याची स्थिती सुधारणे हे त्याचे मुख्य मार्ग आहेत. फुंकर मारणे किंवा जीभ गालात दाबणे अशा व्यायामांनी प्रत्यक्ष बोलणे सुधारते याचा पुरावा तोकडा आहे, आणि मायस्थेनियासारख्या विकारात अतिश्रमाने दुर्बलता वाढते. पार्किन्सन रोगात मोठ्याने बोलण्याचा सघन सराव उपयुक्त ठरला आहे. ली सिल्व्हरमन पद्धतीत चार आठवड्यांत १६ सत्रे घेतली जातात. लुळ्या टाळूसाठी त्यास वर उचलून धरणारे दंत-उपकरण वापरता येते. निकामी स्वरतंतू शस्त्रक्रियेने मध्याकडे सरकवण्याची पद्धत जपानमधील नोबुहिको इश्शिकी यांनी १९७० च्या दशकात विकसित केली.

बोलणे पुरेसे समजत नसल्यास अन्य साधनांची जोड देतात. मुळाक्षरांच्या तक्त्यावर प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षराकडे बोट दाखवत बोलल्यास वेग आपोआप कमी होतो आणि ऐकणाऱ्यास शब्दाचा अंदाज येतो. पुढील टप्प्यात चित्रफलक, मोबाइल व संगणकीय वाचा यांचा उपयोग होतो. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे बोलणे प्रेरक चेतापेशींच्या रोगामुळे इतके अस्पष्ट झाले होते, की ते निकटवर्तीयांनाच समजत असे. १९८५ मध्ये श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेमुळे तेही थांबले. त्यानंतर संगणकाच्या आवाजाच्या साहाय्याने त्यांनी अनेक दशके व्याख्याने दिली आणि ग्रंथलेखन केले.

स्पष्टता ऐकणाऱ्यावरही अवलंबून असते. शांत जागी समोरासमोर बसणे, विषय आधी माहीत करून घेणे, वाक्य मध्येच पूर्ण न करणे आणि न समजल्यास समजल्याचा आव न आणता समजलेला भाग पुन्हा म्हणून दाखवणे, यांनी संभाषण सुकर होते. रुग्णाऐवजी सोबतच्या नातेवाइकालाच प्रश्न विचारण्याची पद्धत रुग्णास संभाषणातून बाहेर टाकते.

अभ्यासाचा इतिहास

चेता व आवाज यांचा संबंध इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने प्रयोगाने दाखवला. डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या चेता कापल्यावर त्याचे ओरडणे थांबले. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या चेता कापून तुटलेल्या तंतूंचे विघटन वर्णिले. ही क्रिया आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १८६० मध्ये फ्रान्समधील ड्युशेन यांनी जीभ, ओठ व घसा यांच्या वाढत्या पक्षाघाताचे वर्णन केले. त्यानंतर शार्को यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसमधील तुटक बोलण्याकडे लक्ष वेधले. मेरी वॉकर यांनी १९३४ मध्ये फायसोस्टिग्मीन या औषधाने मायस्थेनियातील दुर्बलता तात्पुरती दूर होते असे दाखवले. १९४३ मध्ये हर्बर्ट सेडन यांनी चेतांच्या इजांचे तीन प्रकार मांडले.

आजचे वर्गीकरण अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डार्ली, ॲरनसन व ब्राउन यांच्या कार्यावर आधारलेले आहे. त्यांनी २१२ रुग्णांच्या बोलण्याचे ३८ निकषांवर परीक्षण करून १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोलण्यातील दोषांच्या समूहावरून चेतासंस्थेतील इजेच्या स्थानाचा अंदाज करता येतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते.

भारतातील स्थिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारांत ‘वाक् व भाषा दिव्यांगत्व’ याचा समावेश आहे. शारीरिक किंवा चेतासंस्थेच्या कारणांनी आलेले वाणीचे कायमस्वरूपी दिव्यांगत्व त्यात मोडते. वाक्-उपचारतज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था कार्यरत असून तेथे या क्षेत्रातील शिक्षण व उपचार उपलब्ध आहेत.